गिल्डा रॅडनरचा स्वतःचा आवाज : एका जुन्या कॅसेट-संचाचे परीक्षण

गेल्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून घरी आला. आदल्या वर्षी चिवडा-चकल्या भरून दिलेले डबे त्याने परत आणले होते आणि त्यांतल्या एका डब्यात, पायमोज्यात गुंडाळून, माझ्यासाठी एक जुना कॅसेट-संच ठेवलेला होता. अमेरिकन विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर हिने स्वतःच्या आवाजात वाचलेले 'इट्स ऑलवेज समथिंग' हे तिचे आत्मकथन. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने ते १९८९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी, २० मे रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी गिल्डा अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी या वाचनाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो घ्यायला ती नव्हती.

मी हा संच आतापर्यंत तीनदा पूर्ण ऐकला आहे. ज्यांना गिल्डाविषयी काही जाणून घ्यायचे असेल त्यांनी पुस्तक वाचण्याआधी आणि तिच्या जुन्या चित्रफिती पाहण्याआधीही हे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्किट करणाऱ्या कलावंताची एक अडचण असते, जी नाटक-सिनेमातल्या नटाला नसते. त्याचे सगळे काम तुकड्यातुकड्यांत विखुरलेले असते. चार मिनिटे एक म्हातारी, सहा मिनिटे एक शाळकरी मुलगी, मग जाहिरात, मग टोप बदलून तिसरेच कोणीतरी. असा कलावंत तरुणपणी गेला, तर ज्याच्यावर बोट ठेवून 'हे याचे काम' म्हणता येईल अशी सलग, पूर्ण कलाकृती बहुधा मागे राहत नाही. गिल्डाच्या बाबतीत ती राहिली आहे, आणि ती या फितीवर आहे.

तिची ओळख आपल्याकडे फारशी नाही, म्हणून थोडे मागे जाते. गिल्डाचा जन्म २८ जून १९४६ रोजी डेट्रॉइट शहरातल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील हर्मन रॅडनर यांचे तिथे हॉटेल होते आणि शहरात येणारे नट-गायक तिथे उतरत. नाटकाचे वेड त्यांनीच लेकीला लावले. ती चौदा वर्षांची असताना मेंदूतल्या गाठीने ते गेले. घरात तिला सांभाळणारी एक दायी होती, जिला ती डिबी म्हणत असे. या बाईंना कमी ऐकू येई. लहानपणी गिल्डा लठ्ठ होती, आणि दहाव्या वर्षीच तिला वजन घटवण्याच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या होत्या. खाण्याशी बिघडलेले तिचे नाते पुढे प्रसिद्धीच्या ऐन भरातही सुटले नाही, आणि हे तिने आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले आहे. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातले शिक्षण अर्धवट टाकून ती एका शिल्पकार मित्राच्या मागे कॅनडात टोरांटोला गेली. तिथे १९७२ मध्ये एका गाजलेल्या संगीत नाटकात तिला काम मिळाले. त्याच संचात मार्टिन शॉर्ट, युजीन लेव्ही, अँड्रिया मार्टिन अशी पुढे नावारूपाला आलेली मंडळी होती. मग 'सेकंड सिटी' या उत्स्फूर्त विनोदासाठी प्रसिद्ध असलेल्या मंडळीच्या टोरांटो शाखेत ती तयार झाली. संहिता नाही, समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि त्यातूनच प्रसंग उभा करायचा, अशी ही तालीम होती.

न्यूयॉर्कच्या एनबीसी वाहिनीवर ११ ऑक्टोबर १९७५ रोजी 'सॅटरडे नाईट लाईव्ह' (एसएनएल) हा विनोदी स्किटचा कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी रात्री साडेअकराला, रॉकफेलर प्लाझामधल्या ८-एच या स्टुडिओतून, दीड तास थेट प्रक्षेपण. निर्माते लॉर्न मायकल्स यांनी नटांमध्ये सर्वांत आधी निवडली ती गिल्डा. आज मराठी वाहिन्यांवर आपण जी स्किट पाहतो ती आधी चित्रित होतात आणि संकलकाच्या हाताखालून जातात. इथे ती सोय नव्हती. शब्द चुकला तर चुकलेला शब्दच देशभर पोचणार, असा तो मामला होता. अशी पाच वर्षे, १९८० पर्यंत, गिल्डा दर आठवड्याला तिथे उभी राहिली आणि १९७८ मध्ये तिला एमी पुरस्कारही मिळाला.

तिच्या पात्रांत मला सर्वांत जवळची वाटते ती एमिली लिटेला. चष्मा लावलेली, स्वेटर घातलेली, मृदू बोलणारी ही वयस्कर बाई बातम्यांच्या विडंबनात येऊन एखाद्या विषयावर तावातावाने मत मांडत असे. दूरचित्रवाणीवर मुलांना व्हायोलिन्स दाखवण्याला लोकांचा एवढा विरोध का, असा तिचा एकदा सवाल होता. व्हायोलिनसारखे सुरेल वाद्य मुलांनी पाहिले तर बिघडले कुठे? तिचे सगळे बोलून झाल्यावर शेजारी बसलेला वृत्तनिवेदक चेवी चेस तिला सांगतो की, विषय व्हायोलिन्सचा नाही, व्हायोलन्सचा, म्हणजे हिंसाचाराचा आहे. ती क्षणभर थांबते, 'अच्छा, म्हणजे अगदीच वेगळे आहे' अशा अर्थाचे काही पुटपुटते, आणि कॅमेऱ्याकडे पाहून दोनच शब्द म्हणते : 'नेव्हर माइंड'. आपल्याकडे एखादी आजी 'बरं, असू दे' म्हणून पदर सावरत उठते, तसेच ते.

हा विनोद कागदावर केवळ शब्दांच्या गफलतीचा आहे आणि शाळकरी पोरालाही सुचेल. गिल्डाने त्याला जे दिले ते त्या बाईची कळकळ. एमिलीने चुकीचे ऐकले आहे, पण चुकीच्या ऐकण्यावर तिने मनापासून विचार केला आहे, त्या विचाराला न्याय मिळावा म्हणून ती एवढ्या दूर आली आहे, आणि चूक कळल्यावर तिला लाज वाटत नाही. ही एमिली डिबीवरून उचललेली होती. लहानपणी जिच्या मांडीवर गिल्डा वाढली, त्या कमी ऐकणाऱ्या बाईला तिने हसण्याचा विषय केला आणि तरीही तिचा मान कुठे कमी होऊ दिला नाही. नक्कल करणारे पुष्कळ असतात. माया राखून नक्कल करणारे थोडे.

दुसरी रोझॅन रोझॅनाडॅना. पिंजारलेल्या केसांची ही दणकट वार्ताहर एखाद्या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बसायची आणि बोलता बोलता नाकातल्या, दातांतल्या, घामाच्या गोष्टींवर घसरायची. शेजारी बसलेल्या जेन कर्टिनचा चेहरा पडत जायचा. शेवटी रोझॅन बजावायची की, हे नाही तर ते, काही ना काही असतेच, 'इट्स ऑलवेज समथिंग'. आत्मकथनाचे नाव त्या पात्राच्या तोंडचे आहे. ज्या वाक्यावर देश खदखदून हसत होता, तेच वाक्य आजारपणाच्या पुस्तकावर घालायचे तिने ठरवले, आणि कॅसेटच्या वेष्टनावर ते वाचताना दोन्ही अर्थ एकदम लागतात. याशिवाय पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांची नक्कल करत 'र' आणि 'ल' यांचा 'व' करणारी बाबा वावा होती आणि खोलीत एकटीच पलंगावर उड्या मारत नाटक रंगवणारी ज्युडी मिलर होती.

एसएनएल सोडल्यानंतरचा भाग मी लवकर उरकते, कारण त्यात सांगण्याजोगे कमी आहे. त्याआधी १९७९ मध्ये ब्रॉडवेच्या विंटर गार्डन नाट्यगृहात तिचा एकपात्रीवजा कार्यक्रम झाला. १९८२ पासून तिने विनोदी नट जीन वाइल्डरबरोबर तीन चित्रपट केले. १८ सप्टेंबर १९८४ रोजी दोघांनी दक्षिण फ्रान्समध्ये लग्न केले. त्या चित्रपटांपैकी एकातही तिला तिच्या ताकदीचे काम मिळाले नाही, आणि शेवटचा तर साफ पडला. म्हणजे मोठ्या पडद्यावर तिचे म्हणावे असे काही उरले नाही. म्हणूनच या फितीचे मोल मला एवढे वाटते.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी. पहिल्या काही मिनिटांत कान नकळत एमिलीची किंवा रोझॅनची वाट पाहत राहतो. त्या येत नाहीत. इथे आहे तो किंचित घोगरा, मध्य-पश्चिम अमेरिकेच्या वळणाचा, घरात बोलावे तसा आवाज. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजात बोललेली बाई पहिल्यांदाच इतका वेळ फक्त स्वतःच्या आवाजात बोलते आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो, आणि एकदा लक्षात आले की उठवत नाही. विनोदाची जागा ती दाखवत नाही. वाक्य सरळ टाकते, पुढच्या वाक्याला एक अर्धा श्वास जास्त घेते, आणि हसू त्या अर्ध्या श्वासात येते. हीच गोष्ट पुस्तकात वाचली तर डोळा पूर्णविरामावरून घसरून पुढे जातो आणि निम्मी मजा हरवते.

स्पार्कल या तिच्या छोट्या यॉर्कशायर टेरियर कुत्रीची हकिकत घ्या. जीनने आपल्याशी लग्न करावे म्हणून गिल्डा जिवाचे रान करत होती आणि तो मात्र टाळत होता. तिच्या सततच्या चिकटून राहण्याने त्याचा जीव घुसमटत होता, हेही ती लपवत नाही. दोघे फ्रान्सला निघाले असताना विमानतळावर स्पार्कलने उंदराचे विष खाल्ले. गिल्डाने जीनला एकट्याला पुढे जायला सांगितले आणि ती कुत्रीला घेऊन डॉक्टरकडे धावली. स्पार्कल वाचली. आणि जिने एवढे दिवस त्याला क्षणभर सोडले नव्हते तिने आपणहून त्याला जाऊ दिले, एवढ्यावर जीनचे मन वळले. 'सेकंड सिटी'तल्या तालमीत मुरलेल्या बाईला गोष्ट कशी सांगायची हे शिकवावे लागत नाही. प्रसंग उभा करायचा, पात्राला अडचणीत टाकायचे, आणि पात्र स्वतःच असले तरी त्याच्यावर दया दाखवायची नाही.

त्यानंतरचा भाग जड आहे, आणि खरेदी करणाऱ्याने तयारीने ऐकावा. १९८६ च्या सुरुवातीपासून तिला थकवा, बारीक ताप, पोटात दुखणे, मांड्यांत कळा असे होऊ लागले. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, एका विषाणूच्या संसर्गावर बोट ठेवले गेले, मनाचा ताण म्हणून समजूत घातली गेली. अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान ऑक्टोबर १९८६ मध्ये झाले तेव्हा तो पसरलेला होता. हे दहा महिने ती ज्या रीतीने सांगते ते मला फार लागले, कारण माझ्या साताऱ्याच्या मावशीचेही असेच झाले. पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, सारखे लघवीला जावे लागते, असे ती सात महिने सांगत होती, आणि एका रुग्णालयात तिला दर वेळी गॅसच्या गोळ्या देऊन परत पाठवले जात होते. या आजाराच्या खुणा एवढ्या घरगुती असतात की त्या कर्करोगाच्या आहेत हे बाईलाही वाटत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरलाही सुचत नाही. गिल्डाच्या घराण्यात हा आजार आधी होऊन गेलेला होता. त्या काळी त्या माहितीची जोड तिच्या पोटदुखीशी कोणी लावली नाही. ज्यांतल्या दोषाने हा आजार घराण्यात उतरू शकतो ती बीआरसीए ही जनुके ओळखली गेली ती १९९४-९५ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पाच-सहा वर्षांनी.

किमोथेरपी, केस जाणे, रेडिएशन, बरे होण्याची आशा आणि पुन्हा उलटणे, हे सगळे ती क्रमाने सांगते. सांता मोनिकाच्या 'वेलनेस कम्युनिटी' या संस्थेत, जिथे रुग्ण एकत्र बसून बोलत, ती जाऊ लागली आणि तिथे तिला पुन्हा प्रेक्षक मिळाले. आजाराविषयी विनोद केल्यावर हसण्याचा अधिकार ज्यांना आहे, असे प्रेक्षक. १९८८ मध्ये ती विनोदी नट गॅरी शँडलिंगच्या दूरचित्रवाणी मालिकेत आली. बरेच दिवस दिसली नाहीस, असे त्याने विचारल्यावर, मला कर्करोग झाला होता, असे तिने सरळ सांगितले आणि तुला काय झाले होते, असे उलट विचारले. अमेरिकेतही तेव्हा हा शब्द दिवाणखान्यात मोठ्याने म्हटला जात नव्हता.

आता उणिवा. सर्वांत मोठी ही की, हे वाचन संक्षिप्त आहे. पुस्तकातला बराच मजकूर गाळलेला आहे, आणि जिथे जिथे कात्री लागली आहे तिथे गोष्ट एकदम पुढे उडी मारते. जिच्याकडून ध्वनिमुद्रण पुन्हा कधीच मिळणार नव्हते, तिच्याकडून पूर्ण पुस्तक वाचून घ्यायला हवे होते, असे वाटते. पण तिची तेव्हाची प्रकृती पाहता जेवढे झाले तेवढे तिने दिले, हेही मान्य करावे लागते. दुसरे असे की, सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन दूरचित्रवाणीतली नावे समजून घेतल्याखेरीज काही जागा निसटतात. एमिली आणि रोझॅनची दोन-दोन स्किट आधी पाहून घेतली तर अडणार नाही. इंग्रजी सोपे आहे. उच्चार स्पष्ट आहेत.

वस्तू म्हणून सांगायचे तर जुनी कॅसेट घेताना जपून घ्या. भाच्याने ती जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली होती आणि 'तपासलेली, उत्तम स्थितीत' असे तिथे लिहिलेले होते. प्रत्यक्षात लावली तेव्हा भिंतीपलीकडून कोणी बोलावे तसा बसका आवाज आला. कॅसेट उलटी धरून खालच्या फटीतून पाहिले, तेव्हा कारण दिसले. तिथल्या पातळ धातूच्या पट्टीवर नमद्याची एक इवलीशी गादी असते. ती फितीला टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, दाबून धरते. तिचा गोंद इतक्या वर्षांत वाळतो आणि गादी गळून पडते. मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि स, श, च यांसारखे उच्चार सर्वांत आधी बोथट होतात. जिची सगळी कला उच्चारात, तिच्या बाबतीत हे चालण्यासारखे नव्हते. वडिलांची भावगीतांची एक तुटकी कॅसेट घरात होती. तिची गादी चिमट्याने काढून गोंदाच्या अर्ध्या थेंबावर इथे बसवली, रात्रभर वाळू दिली, पेन्सिल घालून फीत एकदा पुढे-मागे गुंडाळली आणि स्पिरिटच्या कापसाने टेपरेकॉर्डरचे हेड पुसले. सकाळी गिल्डा समोर बसून बोलल्यासारखी बोलली. हा खटाटोप ज्यांना करायचा नसेल त्यांनी विक्रेत्याकडून कॅसेट वाजतानाची ध्वनिफीत आधी मागवून घ्यावी.

फितीवर जे नाही तेही ऐकणाऱ्याला ठाऊक असावे. २० मे १९८९ ला शनिवार होता. एसएनएलच्या त्या रात्रीच्या भागाचा सूत्रधार विनोदी नट स्टीव्ह मार्टिन होता. तिच्या मृत्यूची बातमी पोचली तेव्हा त्याने ठरलेले आरंभीचे भाषण बाजूला ठेवले आणि १९७८ मधले त्या दोघांचे एक नृत्य-स्किट दाखवले, ज्यात दोघेही एक शब्द बोलत नाहीत. ते दाखवून झाल्यावर त्याला बोलणे जड जात होते. जीन वाइल्डर १९९१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभा राहिला आणि घराण्याचा इतिहास वेळीच विचारला गेला असता तर काय झाले असते, ते त्याने सांगितले. बफेलोच्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत या आजाराच्या घराण्यांची जी नोंदवही आहे, तिला गिल्डाचे नाव देण्यात आले होते. न्यूयॉर्कच्या वेस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवर १९९५ मध्ये लाल दाराचा 'गिल्डाज क्लब' उघडला, जिथे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय विनामूल्य येऊन बसत. कर्करोगाने आपल्याला एका निवडक क्लबाचे सभासदत्व दिले, पण असे सभासदत्व नसते तर बरे, अशा अर्थाचे ती बोलली होती. नाव त्यावरून आले.

या पौष महिन्यात मावशी चौथ्या किमोनंतर आमच्याकडे आठ दिवस राहायला होती. तिचे इंग्रजी बेताचे, म्हणून मी दर दोन-तीन वाक्यांनी बटण दाबून थांबवत होते आणि मराठीत सांगत होते. डोक्याला रुमाल गुंडाळून ती खाटेवर पडून ऐकत होती. डोळे मिटलेले पाहून मी विचारले, "मावशी, ऐकतेस ना? की बंद करू?" आजाराचा भाग आला तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त गिल्डाला गोळ्यांवर गोळ्या मिळत गेल्या तिथे तिने मान हलवली. बाजू संपून बटण खटकन वर आले, तेव्हा दुसरी बाजू लावायला मी कॅसेट बाहेर काढली.

"अगं, दुसरी राहू दे," मावशी म्हणाली. "तो कुत्रीचा भाग परत लाव आधी."